दातवाले शिकायला का जात नव्हते

शहरातले बरेच लोक ज्या दातांनी हसतात, ते दात आधी दातवाल्यांच्या पाठीवर बसून गावभर हिंडलेले असतात. हसणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. दाताचा डॉक्टर तोंडाचा साचा घेतो, तो साचा लॅबमध्ये जातो, तिथे त्यावरून दात, टोप्या, कवळ्या घडतात आणि परत डॉक्टरकडे येतात. या जाण्यायेण्याच्या मधोमध एक मोटरसायकल असते आणि तिच्यावर किरकोळ अंगाचे, नीट कातरलेल्या मिशीचे एक गृहस्थ असतात. लॅबमध्ये, दवाखान्यांत, गल्लीत सगळीकडे त्यांना दातवालेच म्हणतात. त्यामुळे त्यांची बायको आपोआप दातवाली वहिनी झाली आणि पुढे नुसती वहिनी उरली. तिच्या स्वतःच्या दोन दाढा पडून बरेच दिवस झाले होते आणि त्या बसवून घ्यायला तिला सवड सापडत नव्हती. दिव्याखाली अंधार कसा असतो ते सांगायला शेजारणींना दुसरं उदाहरण लागत नसे.

वहिनीचं शिवणाचं मशीन खिडकीशी होतं. पडदे, उश्यांचे अभ्रे, झगे, लहान मुलांचे कपडे असलं काम ती घेई. पाय मशीनवर, हात कापडावर आणि कान गल्लीत, अशी तिची तीन ठिकाणी वाटणी झालेली असे. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की ती चहाचं आधण ठेवी. आवाज बंद झाला की दातवाले खाली उतरून गाडीचं शेपूट धरत, ती हाताने ओढत ओढत तोंड रस्त्याकडे करून लावत आणि मगच वर येत. "सकाळी निघताना बरं पडतं," असं ते म्हणत. नवरा नीटनेटका मिळाला याचं वहिनीला लग्नापासून कौतुक होतं.

त्या संध्याकाळी ते वर आले, हातपाय धुतले, कप हातात घेतला आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "मॅडमनी नवीन खूळ काढलंय."

"कसलं?"

"गाडी चालवायला शिकायचं."

"कोणी?"

"आम्ही."

"तुम्हाला येत नाही का?"

"तेच तर म्हणतोय," दातवाले म्हणाले आणि चहात बिस्कीट बुडवलं.

झालं होतं ते असं. लॅबचा दुसरा स्वार, ज्याला सगळे वकील म्हणत, तो एका वळणावर वाळूत घसरला. वकील हे त्याचं टोपणनाव. शाळा त्याने मध्येच सोडली होती, पण कोणी 'आज उकडतंय' म्हटलं तरी तो उलटतपासणी घेई. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, मात्र पिशवीतल्या साच्यांचा चुरा झाला. त्यात एका नवऱ्यामुलाचे पुढचे दोन दात होते. लग्न काही पुढे ढकलता आलं नाही. बिचाऱ्याने सगळे फोटो ओठ मिटून काढून घेतले आणि सासरच्यांना जावई फार गंभीर वाटला. नवऱ्यामुलाची आई लॅबमध्ये येऊन जे बोलली, ते ऐकून लॅबच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी ठरवलं: सगळ्या स्वारांनी दोन रविवार गाडीचं पुढचं प्रशिक्षण घ्यायचं. फी लॅब भरेल. मास्तरांनी 'हा माणूस तयार आहे' असं सांगितलं तरच गाडी हातात राहील. नाहीतर टेबलाशी बसून डबे भरायचे आणि चिठ्ठ्या चिकटवायच्या.

"मग काय, तुम्ही पहिल्या फटक्यात याल करून," वहिनी म्हणाली. "आजवर एक साचा फुटला नाही तुमच्या हातून."

"बघू," दातवाले म्हणाले.

त्या घरात 'बघू' याचा अर्थ 'नाही' असा होता. वहिनी माहेरी जायचं म्हणाली की 'जा', नवा पंखा घ्यायचा म्हणाली की 'बघू'. पंखा अजून आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता. तिसऱ्या दिवशी गुडघा बरा होता, पण रविवार हा माणसाचा एकच हक्काचा दिवस असतो. पुढे क्लचची तार सैल झाली. मग ती शिकवणी म्हणजे गुडघा जमिनीला घासत शर्यती लावणाऱ्या पोरांचा नाद ठरली. मग वयाचा प्रश्न आला. वहिनी चपात्या लाटता लाटता हे सगळं ऐकत होती आणि तिला हळूहळू मोठी गंमत वाटायला लागली. खऱ्या कारणाला एकच कपडा असतो, तोच ते रोज धुऊन घालतं. हे तर रोज नवं नेसून येत होतं.

भांडून काही निघणार नव्हतं. गाठ ओढली की घट्ट बसते, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तिने टोक शोधायचं ठरवलं.

पहिला सापडला वकील. कोपराला पट्टी बांधून तो काहीतरी निरोप द्यायला आला होता.

"तुम्ही जाणार का हो शिकायला?" वहिनीने पाण्याचा पेला पुढे करत विचारलं.

"मुळीच नाही. वहिनी, तुम्ही विचार करा. शिकायला जायचं म्हणजे आजवर येत नव्हतं असं लिहून दिल्यासारखं आहे. उद्या कुठे काही झालं तर चूक कोणाची? माझीच."

"पण त्या दिवशी पडलात ते तुम्हीच ना?"

"मी नाही पडलो," वकील शांतपणे म्हणाला. "वाळू होती."

वरच्या मजल्यावर बँकेतला एक कारकून राहत असे. त्याने नुकतीच मोठी, काळी, आरशासारखी गाडी घेतली होती आणि तिच्यावर तो बसण्यापेक्षा तिला पुसतच जास्त असे. त्याचं कारण सरळ होतं. "तिथे मुद्दाम गाडी तिरकी करायला लावतात म्हणे. ओरखडा आला तर?" वहिनीच्या मनात आलं, याला गाडीवर बसायचं नाहीच, हिला काचेच्या कपाटात ठेवायचंय. पण ती बोलली नाही. त्याच्या पडद्यांचं माप अजून घ्यायचं होतं.

सगळ्यात विचार करायला लावलं ते दूधवाल्या मावशींनी. या बाई पहाटे गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकावून साऱ्या वस्तीला दूध घालत. "मला कोणी शिकवलं? कोणी नाही," मावशी माप ओतता ओतता म्हणाल्या. "भावाची गाडी पळवली, दोनदा आपटले, आली. आता कोणी म्हणालं, हात असा धर, मान तशी ठेव, की माझं होतं ते पण जाईल. तू जिना उतरताना कधी मोजलंस का, आधी कुठला पाय टाकते? मोजून बघ. पडशील."

वहिनीने दुपारी खरंच मोजून बघितलं आणि कठड्याला धरून थांबली. मावशींचं खोटं नव्हतं. पण तरी हे दातवाल्यांचं कारण नसावं. मावशी बोलताना तोंडावर बघून बोलल्या होत्या. दातवाले बोलताना बिस्किटाकडे बघत.

आठवड्याच्या शेवटी वहिनी लॅबच्या कामवाल्यांचे अंगरखे द्यायला गेली. ते तीच शिवे. पुढून बटणं, गोल गळा, दोन मोठे खिसे. लॅबमध्ये सगळीकडे पांढरी भुकटी उडालेली आणि फळ्यांवर ओळीने कवळ्या मांडलेल्या, जणू सगळं गाव तोंड वासून बसलंय. मॅडमनी एक अंगरखा उलगडून पाहिला.

"छान झालेत. पुढच्या वेळी कॉलर लावाल का? जरा रुबाबदार दिसेल."

"कॉलर नको हो मॅडम," वहिनी लगेच म्हणाली. "त्यात ही भुकटी अडकते. मानेला खाज सुटते."

"हां, तेही खरंच," मॅडम म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "वहिनी, घरी सगळं ठीक ना? दातवाल्यांनी काल माझ्याकडे येऊन स्वतःहून टेबल मागून घेतलं."

"टेबल?"

"म्हणाले, प्रशिक्षण वगैरे नको, पुढच्या महिन्यापासून मी डबे भरतो. मला काही समजलंच नाही. माझा सगळ्यात चांगला माणूस हा. नव्या स्वाराला मी पहिलं वाक्य सांगते ते हेच, दातवाल्यांसारखी चालव. त्यांना अमुक वेळ सांगितली की त्या वेळी डबा पोचतो. आणि तेच टेबल मागतायत."

टेबल म्हणजे काय ते वहिनीला दिसत होतं. हा माणूस रविवारी दुपारपर्यंत घरात गोड असे आणि चार वाजले की भिंतीला धडका देणाऱ्या माशीसारखा होई. मग 'पेट्रोल भरून येतो' म्हणून निघे आणि तासाभराने ताजातवाना होऊन परते. गाडीच्या टाकीत पेट्रोल मावायला जागा असायचीच असं नाही. अशा माणसाने भिंतीकडे तोंड करून चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि तेही आपण होऊन.

बाहेर दातवाले तिला घरी सोडायला थांबले होते. वाटेत त्यांना एका दवाखान्यात डबा द्यायचा होता. वहिनी मागे बसली. तिला एरवी गाडीवर डोळे मिटून गार वारा घ्यायची सवय होती. आज तिने डोळे उघडे ठेवले.

दवाखाना समोर दिसत होता. रस्त्याच्या उजव्या हाताला, भल्यामोठ्या पाटीसकट. रस्ता मोकळा होता. कोणीही उजवा हात दाखवून वळलं असतं आणि दारात उतरलं असतं. दातवाले सरळ पुढे गेले. मग डावीकडे एका बोळात शिरले. मग पुन्हा डावीकडे. कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून मान वाकवून गेले, लोहाराच्या दुकानावरून गेले, एका कुत्र्याने त्यांना शेपूट हलवून ओळख दिली. पुन्हा डावीकडे वळले आणि मघाच्याच रस्त्यावर आले. तो सरळ ओलांडून समोरच्या गल्लीत घुसले आणि दवाखान्याच्या मागच्या दाराशी थांबले.

"समोरूनच का नाही वळलात?" वहिनीने विचारलं.

"तिथे गर्दी असते."

"आज तर कोणीच नव्हतं."

"एरवी असते ना. त्यात अडकलं की वेळ जातो," असं म्हणून दातवाले डबा घेऊन आत गेले. उत्तर इतकं सफाईने, इतकं घडी मोडल्याशिवाय आलं, की वहिनी गाडीजवळ उभ्या उभ्या चमकली. हा आवाज तिने आत्ताच कुठेतरी ऐकला होता. त्यात ही भुकटी अडकते. मानेला खाज सुटते.

कारण वहिनीला कॉलर येत नव्हती. कधीच आली नव्हती. एक टोक वर, एक खाली, आणि मान घातली की सगळी वाकडी. शिकत असताना एकदा बिघडली, दुसऱ्यांदा बिघडली, मग तिने कॉलरचे कपडे घेणंच बंद केलं. कोणी विचारलं की कधी डोळ्यांचं कारण, कधी सवडीचं, कधी कापडाचं. आता तर तिला कारणं शोधावीही लागत नव्हती, ती जिभेवर तयारच असत. आणि गल्लीत तिचं नाव काय होतं? 'वहिनी ना, पडदे-झगे त्यांच्यासारखे कोणी शिवत नाही.'

घरापर्यंतच्या वाटेवर तिने लक्ष ठेवलं. दातवाले एकदाही उजवीकडे वळले नाहीत. रस्ताच उजवीकडे वाकला तर त्याच्याबरोबर वाकत, पण थांबून, चाक फिरवून, आपण होऊन उजवीकडे नाही. इतकी वर्षं सगळे म्हणत होते, दातवाल्यांना शहरातला बोळ न् बोळ पाठ आहे. पाठ असणारच होता. त्याशिवाय त्यांना घरी यायलाच जमलं नसतं. दारापाशी ते उतरले, गाडीचं शेपूट धरलं आणि हाताने ओढून तिचं तोंड फिरवलं. वहिनी बघत राहिली.

वर येऊन तिने परातीत वाटाणे घेतले आणि त्यांच्यासमोर बसली. दातवालेही सवयीने सोलायला लागले.

"मॅडम कॉलरचे अंगरखे मागत होत्या," ती म्हणाली.

"मग दे की शिवून."

"मला येत नाही कॉलर."

दातवाल्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय सांगतेस?"

"खरंच."

"अगं, लग्नाआधीपासून शिवतेस तू."

"तरी नाही येत. तुमचा एक तरी सदरा मी शिवलाय का? आठवा."

दातवाल्यांनी आठवून पाहिलं. "तू म्हणायचीस, पुरुषांचे कपडे पुरुष शिंप्याकडेच बरे बसतात."

"म्हणायचे खरी."

दातवाल्यांना आधी हसू आलं, मग मोठ्याने आलं, इतकं की दोन वाटाणे घरंगळत कपाटाखाली गेले. "आणि मी गल्लीभर सांगत सुटलो, आमच्या हिचं तत्त्व आहे म्हणून." वहिनीही हसली. मग दोघं पुन्हा सोलत बसले.

"उजवीकडे," दातवाले परातीत बघून म्हणाले.

वहिनीने पुढची शेंग फोडली.

"अरुंदात गाडी उजवीकडे वळवायची म्हटली की माझं अंग लाकूड होतं. डावीकडे पाहिजे तेवढी फिरवतो, रुपयाएवढ्या जागेत. उजवीकडे नाही. का ते मलाही माहीत नाही. कधी पडलोबिडलो असतो तर सांगता तरी आलं असतं. तसं काहीच नाही. सुरुवातीला एकदा टाळलं, निभावलं. मग टाळायचंच जमत गेलं."

"आणि तिथे वळायला लावतात?"

"आठाचा आकडा काढायला लावतात. जमिनीवर रेघा मारून. सगळ्यांसमोर." त्यांनी शेंग परातीच्या कडेवर ठेवली. "वकील असणार तिथे. तो मला दादा म्हणतो. मॅडम सगळ्यांना सांगतात, ह्यांच्यासारखी चालवा. आणि दादा भर मैदानात उजवीकडे पाय टेकत टेकत... त्यापेक्षा टेबल काय वाईट? सावलीत बसायचं."

"रविवारी चार वाजता काय कराल मग?"

दातवाले नजर ठेवायला जागा शोधू लागले. बिस्किटही नव्हतं समोर.

पुढचे दिवस वहिनीने हा विषय काढला नाही. शनिवारी मात्र तिने मशीनवरचं काम आवरलं आणि सहज म्हणाली, "मी कधी ते मैदान पाहिलं नाही. लोक तिथे काय करतात बघायची मला फार उत्सुकता आहे. तुम्ही नाही आलात तरी मी रिक्षा करून जाऊन येईन म्हणते."

"तू एकटी तिथे जाऊन काय बघणार?"

"लोक कसे पडतात ते."

दातवाले तिच्याकडे बघत राहिले. बायको खरंच जाईल याची त्यांना खात्री होती. आणि आपली बायको रिक्षाने जाते आहे नि आपण घरी बसलो आहोत, हे त्यांना त्याहून अवघड वाटलं. "सकाळी लवकर निघावं लागेल," ते शेवटी म्हणाले.

मैदान म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं आवार होतं. जमिनीवर पिवळ्या रेघा, इथेतिथे प्लास्टिकचे लाल सुळके. शिकवणारे मास्तर उंच, हाडकुळे, डोक्यावर विटलेली कापडी टोपी. खिशातून एकेक शेंगदाणा काढून तोंडात टाकत. वकील आलेला होता. "मी फक्त निरीक्षण करायला आलोय," असं त्याने आल्याआल्या जाहीर केलं होतं, पण डोक्यावरचं हेल्मेट काढलं नव्हतं. आणखी चारदोन स्वार होते. वहिनी भिंतीच्या सावलीत एका उलट्या खोक्यावर बसली.

एकेकाने आठ काढायचा होता. दातवाल्यांची पाळी आली. डावीकडचं वर्तुळ त्यांनी असं काढलं की मास्तरांचा शेंगदाणा तोंडापाशी थांबला. मग गाडी मधल्या रेघेवर आली. आता उजवीकडे. वहिनीने पाहिलं, खांदे वर गेले, कोपरं ताठ झाली. गाडी वळलीच नाही. ती रेघा सोडून सरळ गेली, आवाराच्या पार टोकाला झाडांपर्यंत गेली, तिथून डावीकडे वळली, पुन्हा डावीकडे वळली आणि मोठा फेरा घालून मास्तरांसमोर येऊन थांबली.

कोणीतरी हसलं. मास्तर म्हणाले, "आवाराची मोजणी करायला आलात का?"

दातवाल्यांनी हेल्मेट काढलं. वहिनीला वाटलं, आता गुडघा येणार, किंवा क्लचची तार.

"मला उजवीकडे वळता येत नाही," दातवाले म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि काम काय करता?"

"दात पोचवतो. शहरभर."

मास्तर हसले नाहीत. ते जवळ आले आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम लहान मुलासारखं कुतूहल आलं. "उजवीकडे न वळता? कसं हो?"

दातवाले गाडीवरून उतरले, उकिडवे बसले आणि धुळीत बोटाने रस्ते काढायला लागले. हा चौक, हा दवाखाना, हा बोळ. मास्तरही समोर उकिडवे बसले. "इथून पुढे तर बंद आहे," मास्तर बोट ठेवून म्हणाले. "भिंत आहे, पण मध्ये फाटक आहे. सकाळी उघडं असतं," दातवाले म्हणाले. बाकीचे स्वारही भोवती वाकून बघायला लागले. मघाशी हसलेला माणूस विचारत होता, मग स्टेशनकडे कसं जाता? एवढ्या वर्षांत प्रथमच दातवाले आपलं गुपित लोकांना समजावून सांगत होते आणि लोक ते नकाशासारखं वाचत होते.

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उठले. "तुम्ही एकटे नाही. इथे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं उजवं वळण लंगडं असतं. ॲक्सिलरेटरचा हात उजवा, ब्रेकचा पाय उजवा. उजवीकडे झुकलं की तो हात पोटात येतो, आणि पाय टेकावा तर ब्रेक सुटतो. अंगाला हे कळतं, आपल्याला कळत नाही. अंग म्हणतं, नको. लोक मग कारणं सांगतात. तुम्ही निदान रस्ते शोधलेत." मग त्यांनी सावलीकडे पाहिलं. "त्या कोण?"

"आमची ही."

"वहिनी, जरा इकडे या. ह्यांची नजर पुढच्या चाकाजवळ जमिनीत जाते. आणि नजर जाते तिथे गाडी जाते. ह्यांना बघायला काहीतरी ओळखीचं पाहिजे. तुम्ही या वर्तुळाच्या बाहेरून चालायचं. तुम्ही दातवाले, चाक बघायचं नाही. बायकोकडे बघायचं."

"एवढ्या वर्षांनी?" वकील म्हणाला आणि या खेपेला सगळे मोकळेपणाने हसले, दातवालेसुद्धा.

वहिनी चालायला लागली. उजवीकडे मान वळवून दातवाले तिच्याकडे बघत, गाडी थोडी वळे, मग भीती येई, नजर खाली जाई आणि पाय टेके. पुन्हा. पुन्हा पाय. एकदा गाडी सरळ आडवी झाली. वकील धावत आला आणि दुसरं टोक धरून त्याने ती उचलली. तोंडातून एक शब्द काढला नाही, हे लक्षात येऊन वहिनीला त्याच्याबद्दल प्रथमच माया वाटली. नंतर ती पाणी प्यायला गेली तेव्हा वकील मास्तरांना बाजूला घेऊन हळूच विचारत होता, वाळू असली की नेमका कुठला ब्रेक दाबायचा?

त्या रविवारी काही जमलं नाही. मास्तर म्हणाले, पुढच्या रविवारी बघू, आणि ते 'बघू' वेगळं होतं. मधल्या दिवसांत संध्याकाळी दातवाले गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत गाडी नेत आणि वहिनी आपली भोवताली चालत राही. कारकून वरून विचारी, "वहिनी, काही हरवलंय का?" वहिनी म्हणे, "नाही, सापडतंय का बघतोय."

दुसऱ्या रविवारी दातवाल्यांनी उजवं वर्तुळ काढलं. सुबक नव्हतं. एका ठिकाणी चाक रेघेला चाटून गेलं, आणि कपाळावरचा घाम हेल्मेटच्या काचेवर उतरला. पण पाय वर राहिला. मास्तरांनी शेंगदाणा तोंडात टाकला. "मॅडमना कळवतो," ते म्हणाले. "टेबल दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं."

सोमवारी दातवाले घरी उशिरा आले. इतके उशिरा की वहिनीने आधणाखालचा गॅस बंद करून पुन्हा पेटवला. मग परत बंद केला आणि खिडकीत उभी राहिली. ते आले ते धापा टाकत, पण चेहऱ्यावर काळजी नव्हती; काहीतरी पाहून आलेल्या माणसासारखा चेहरा होता.

"आज डबा उशिरा पोचला," ते म्हणाले.

"पडलात?"

"नाही गं. चुकलो." त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. "मी. रस्ता चुकलो. मुख्य रस्त्यावरून सरळ उजवीकडे वळलो, नीट वळलो, आणि मला स्टेशनकडचा दवाखानाच सापडेना. दोनदा त्याच्यावरून पुढे गेलो. मी त्याला कायम मागच्या दारानेच ओळखत होतो ना. समोरून त्याला निळ्या काचा आहेत. दारात फुलझाडं आहेत. बाकावर माणसं बसलेली असतात. आत गेलो तर कंपाउंडर म्हणाला, तुम्ही इकडून कसे? शेजारी एक घड्याळ दुरुस्तीवाला आहे, मला तो माहीतच नव्हता. आणि त्याला मी. एवढी वर्षं मी त्याच्या भिंतीमागून जातोय." ते खुर्चीत बसायचं विसरून उभेच होते. "अशा किती जागा असतील गं? सगळ्या शहराची निम्मी तोंडं बघायची राहिलीयत."

वहिनीने कपाकडे हात नेला आणि मागे घेतला. "चहा मागाहून," ती म्हणाली. "मला दाखवा तो घड्याळवाला."

दातवाले तसेच वळले. खाली गाडी त्यांनी आज शेपूट न ओढता, बसल्या बसल्याच फिरवून घेतली. दोनदा पाय टेकला, तिसऱ्यांदा नाही. वहिनी मागे बसली. मुख्य रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ होती. त्यांनी उजवा दिवा लावला, रस्त्याच्या मधोमध थांबले, समोरून येणाऱ्या गाड्या जाऊ दिल्या. तिच्या हाताखाली त्यांचा खांदा कडक झाला होता. मग त्यांनी मान वळवून उजवीकडच्या रस्त्यात लांबवर पाहिलं. वहिनीनेही तिकडेच पाहिलं आणि गाडी हळूच वळली.